मिस्त्रींच्या उजव्या गुडघ्यातली झाडूवाली

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. माझा मुक्काम फरशी बसवणाऱ्या एका मिस्त्रींच्या उजव्या गुडघ्यात. काम झाडलोटीचं. घरात केर काढणारीला एरवी कुणी विचारत नाही, आणि एक दिवस केर राहिला की सगळे तिच्याच नावानं खडे फोडतात, तसं माझं आयुष्य गेलं. आता फार काही उरलेलं नाही. तेवढ्यात सांगायचं ते सांगून टाकते, म्हणजे माझ्यामागे कुणी उलटसुलट बोलायला नको.

आधी माझं घर कसं आहे ते ऐका. गुडघ्यात दोन मोठी हाडं एकमेकांसमोर येतात. त्यांच्या टोकांवर कूर्चा असते, पांढरी, गुळगुळीत, दाबली तर किंचित दबणारी. हाडं एकमेकांना लागू नयेत ही तिची जबाबदारी. या सगळ्याभोवती एक पातळ अस्तर असतं आणि आत थोडं वंगण. त्या अस्तरात आम्ही एकमेकींना खेटून राहतो. माणूस चालला, बसला, उठला की आत बारीक भुगा पडतो. तो गिळून जागा साफ ठेवायची, हे आमचं रोजचं काम. एखादा जंतू घुसलाच तर आरडाओरडा करायचा आणि रक्तातून कुमक बोलवायची, हे अडीअडचणीचं काम. आमच्यातली एक सरली की शेजारणीतून दुसरी तयार होते आणि त्याच जागी कामाला लागते. आठवणी सगळ्यांच्या सामाईक. म्हणून मी स्वतःला जुनी म्हणवते.

मला डोळे नाहीत. पण गुडघा जिथे टेकतो ती जागा मला कळते, आणि हाडातून आवाज छान येतो. शाळेचा लांब व्हरांडा, बँकेचं गार दालन, पिठाच्या वासाची बेकरी, जिन्याचे चौकोनी टप्पे, सगळं जग मी असंच गुडघ्याखालून पाहिलं. वासाचं मला मिस्त्रींच्या बोलण्यावरून कळलं, खोटं कशाला सांगू.

मिस्त्रींची बसायची एक पद्धत होती. डावा पाय जमिनीवर सपाट, उजवा गुडघा खाली. थापीनं सिमेंट-वाळूचा माल पसरायचा, त्यावर फरशी ठेवायची, रबरी हातोडीनं चार कोपऱ्यांवर ठोकायची. इथवर सगळे मिस्त्री करतात. आमचे मिस्त्री त्यापुढे उजवा गुडघा त्या फरशीच्या मध्यावर ठेवून अंगाचा सगळा भार देत आणि फरशी दाबून बसवत. काम संपलं, माल सुकला, की विजार वर गुंडाळून उघडा गुडघा फरशांवरून सरकवत जात. दोन फरशांमध्ये नखभर उंचसखल असेल तर त्यांना गुडघ्याला लागायचं. हाताला कळत नाही, लेव्हलच्या नळीला कळत नाही, ते माझ्या गुडघ्याला कळतं, असं ते सांगत, आणि खरंच कळायचं. लोक कौतुक करायचे. "यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवा, जिथे ठेवाल तिथेच राहील," असं एका बँकेच्या साहेबांनी म्हटलेलं मी ऐकलंय. तेव्हा मी आत भुगा गोळा करत होते. कौतुकातला माझा वाटा कुणी काढला नाही, आणि मीही मागितला नाही.

त्यांचा जोडीदार मात्र गुडघ्यांना जाड रबरी पट्टे बांधून काम करायचा. मिस्त्रींनी त्याचं नाव टोपीवाला ठेवलं होतं.

"गुडघ्याला टोप्या घालून फरशी बसवतोस, तुला खालचं काय कळणार?" मिस्त्री म्हणायचे.

"मला नाही कळलं तरी चालेल. म्हातारपणी जिना चढता आला पाहिजे," टोपीवाला म्हणायचा.

"म्हातारपणी तुला तळमजल्यावर खोली घेऊन देतो, मग तर झालं?"

दोघं हसायचे. मलाही तेव्हा तो टोपीवाला भित्रा वाटायचा. कूर्चा नवीकोरी असली की कुणाला काय सुचतंय.

मिस्त्रींची बायको एका दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. तिथली फरशी मिस्त्रींनीच बसवलेली. बसवून झाली तेव्हा ती बादली घेऊन आली, मधोमध पाणी ओतलं आणि म्हणाली, "उतार उलटा काढलाय तुम्ही. पाणी माझ्या पायाशी येतंय." मिस्त्रींनी गुडघा सरकवून पाहिला. बाईचं खरं होतं. एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. सगळी उखडून पुन्हा बसवली, आणि ती बसवता बसवता लग्नही ठरलं. हे सगळं मी गुडघ्यातून ऐकलं, आणि आत मला उगाच बरं वाटलं.

दिवसभर ती बाई रबरी बुटांत उभी असायची. घरी आली की बूट काढायची, आणि खाली काय, तर खरबरीत सिमेंटचा कोबा. टाचांना भेगा. इतरांची घरं आरशासारखी करणाऱ्या मिस्त्रींच्या स्वतःच्या दोन खोल्यांत फरशी नव्हती. फरश्या होत्या, बसवलेल्या नव्हत्या. मोठ्या कामांतून उरलेल्या फिकट राखाडी फरश्या ते एकेक करून घरी आणत आणि भिंतीशी रचत. त्या थप्पीवर चादर टाकून पाहुण्यांना बसवायचे.

"मला एकदा घरात अनवाणी चालायचंय हो," बाई म्हणायची. "दुसरं काही मागत नाही तुमच्याकडे."

"हे काम उरकलं की आपलं घर. आणि दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही त्याला. मी माझ्या गुडघ्यानं बसवणार."

काम उरकायचं, की दुसरं यायचं. एकदा बाईनं जुन्या गादीचा कापूस भरून दोन जाड पट्टे शिवले, खास मिस्त्रींच्या गुडघ्यांसाठी. मिस्त्रींनी ते कौतुकानं घेतले, कामावर नेले, आणि टेकून बसायला पाठीमागे ठेवायला लागले. बाईला कळलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पाठ तरी जपताय, हेही नसे थोडके."

मित्रांनो, झीज एका दिवसात होत नाही. आधी भुगा थोडा जास्त यायला लागला. मी गिळत राहिले. मग कूर्चेचे बारीक तुकडे यायला लागले, कडा असलेले, टोचणारे. ते गिळले की पोटात जळायचं, आणि जळलं की मी ओरडायचे. आमचं ओरडणं म्हणजे आवाज नसतो. आम्ही काही रसायनं सोडतो, ती रक्तापर्यंत जातात, आणि तिथून नव्या पेशी धावत येतात. या नव्या पोरी तापट डोक्याच्या. त्यांना हे घर माहीत नाही, इथे कुणाशी जपून वागायचं ते माहीत नाही. जंतू समजून त्या सगळीकडे तुटून पडतात. त्यांच्या आणि माझ्या ओरडण्यानं अस्तर सुजलं, आत पाणी भरलं, आणि कूर्चाच कूर्चेला खाणारे रस सोडायला लागली. तिचे आणखी तुकडे पडले. ते मी उचलले, पुन्हा जळलं, पुन्हा ओरडले.

मला थांबता आलं नाही. केर लागला की उचलायचा, पोळलं की ओरडायचं, एवढंच मला जन्मापासून येतं. तिसरं काही कुणी शिकवलं नाही.

बाहेर मिस्त्रींच्या गुडघ्यावर लिंबाएवढी सूज आली, मग संत्र्याएवढी. जिना उतरताना ते कठडा धरायला लागले. दुखण्याच्या गोळ्या झाल्या, गरम पाण्याची पिशवी झाली, शेजारच्या शिंप्यानं दिलेलं तेल झालं. कामं टोपीवाल्याकडे जायला लागली. उघड्या गुडघ्यानं फरशी तपासायला गेले की मिस्त्री ओठ चावायचे, आणि तरी तपासायचे.

शेवटी बाईनं त्यांना तिच्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी गुडघा वाकवला, दाबला, आतली चित्रं पाहिली.

"काका, हाड झिजलंय असं सगळे म्हणतात. झिजलंयच. पण नुसतं तेवढं नाही. आतल्या अस्तराला सूज आहे. कूर्चेचा भुगा पडतो, तो साफ करायला तुमच्याच शरीरातल्या पेशी येतात आणि साफ करता करता चिडतात. त्या जे सोडतात त्यानं कूर्चा आणखी खराब होते."

"म्हणजे माझीच माणसं माझ्या घरात दंगा करतायत."

"तसंच समजा."

"मग हाकलून द्या की त्यांना."

"हाकलून कसं चालेल? उद्या खरंच जंतू आले तर कोण बघणार? थोडे दिवस शांत करता येतं. सुई देते. पण नीट ऐका, सुईनं सूज उतरते, दुखणं गप्प होतं. झिजलेलं परत येत नाही. मांडीचे व्यायाम करायचे, वजन उतरवायचं, आणि गुडघा जमिनीला टेकवायचा नाही. अजिबात नाही."

मिस्त्रींनी मान डोलावली. मी आतून ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबद्दल बोललं, आणि तेही असं. वाईट वाटलं. पण डॉक्टरीणबाई खोटं बोलत नव्हत्या.

सुई आली. औषध अस्तरात पसरलं आणि मला गुंगी चढली. कुणी तोंडावर फडकं बांधावं तसं झालं. भुगा जाणवत होता, पण ओरडावंसं वाटेना. नव्या पोरी गपगार पडल्या. पाणी ओसरलं. थोड्या दिवसांत मिस्त्री जिन्यावरून कठडा न धरता उतरले. खाली आल्यावर ते टोपीवाल्याला म्हणाले, "गेलं बघ दुखणं. नवा गुडघा झाला."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं त्यांना ऐकू गेलं होतं. लक्षात एवढंच राहिलं, की हे थोडे दिवस आहे. आणि थोडे दिवस म्हटल्यावर माणूस काय करतो? राहिलेलं काम काढतो.

एका सकाळी त्यांनी खाट बाहेर काढली. बाई बूट घालून कामावर निघाली होती, ती दारातच थांबली.

"हे काय चाललंय?"

"घराची फरशी."

"टेकवायचा नाही म्हणाल्यात त्या. माझ्यासमोर म्हणाल्यात."

"अगं, आत्ता दुखत नाहीये तोवर होऊन जाईल. नंतर हा गुडघा परत बसू देईल का मला? आता नाही तर कधीच नाही."

"टोपीवाल्या भाऊजींना बोलवा. ते बसवतील."

"माझ्या घरात दुसऱ्याच्या हातची फरशी?"

बाई दारातून परत आत आली. तिला नको म्हणायचं होतं. पण भिंतीशी रचलेल्या त्या फरश्यांवर तिनं किती वर्षं चादर झटकली होती, ते तिचं तिला माहीत. "ते पट्टे तरी बांधा," एवढंच ती म्हणाली. तिनं कपाटातून ते कापसाचे पट्टे काढून दिले. मिस्त्रींनी ते तिच्यासमोर बांधले, आणि ती गल्लीच्या टोकाला पोचली असेल नसेल, सोडून ठेवले. पट्ट्यातून लेव्हल कळत नाही ना.

फरशी आतल्या भिंतीपासून दाराकडे आणतात, म्हणजे ओल्या फरशीवर पाय पडत नाही. आतली खोली झाली. मग बाहेरच्या खोलीच्या ओळी. गुडघा प्रत्येक फरशीवर टेकत होता, अंगाचा भार देत होता, आणि मी गुंगीत पडून होते. हाड हाडाला लागत होतं. ते मला कळत होतं. एरवी पहिल्याच दिवशी मी असा कल्लोळ केला असता की मिस्त्री जागेवरून उठले नसते. पण तोंड बांधलेलं. त्या दिवसांत माझ्याइतकं असहाय कुणी नसेल.

संध्याकाळी बाई यायची, झालेल्या भागाकडे बघायची, आणि त्यांच्या पाठीवरचा सिमेंटचा धुरळा झटकायची. एकदा म्हणाली, "गार लागते हो पायाला." मिस्त्री त्या एका वाक्यावर पुढचे दोन दिवस जोमानं राबले.

दारापाशी थोड्याच ओळी उरल्या होत्या. मिस्त्रींनी एक फरशी ठेवली, हातोडीनं ठोकली, आणि नेहमीसारखा तिच्यावर गुडघा ठेवून भार दिला. आत काहीतरी निसटलं. कूर्चेचा मोठा तुकडा सुटून दोन हाडांच्या मध्ये अडकला. गुडघा ना सरळ होईना, ना वाकेना. मिस्त्री कुशीवर पडले, आणि पडताना सगळा भार फरशीच्या एका कोपऱ्यावर गेला. तो कोपरा खाली दबला, समोरचा वर आला. त्यांनी हात लांब करून ती उचलायचा प्रयत्न केला. पडल्या पडल्या तेवढा जोर लागला नाही. बाई कामावरून येईपर्यंत ते तसेच पडून होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत माल सुकला.

त्यानंतर गुंगी उतरली आणि मी ओरडले. साठलेलं सगळं ओरडले. रक्तातून झुंडीच्या झुंडी आल्या. पुन्हा सुई झाली. या वेळी गुंगी लवकर उतरली. आणखी एक मागितली तर डॉक्टरीणबाईंनी हात जोडले.

"आता सुई नको काका. जास्त दिली तर उरलंसुरलंही जाईल. गुडघा बदलावा लागेल. आतलं सगळं काढून धातूचा बसवतील. चालता येईल, जिना चढता येईल."

"आणि टेकवता?"

डॉक्टरीणबाईंनी चित्रं पाकिटात ठेवली. मग म्हणाल्या, "त्यावर भार देऊन फरशीकाम, नाही. तो विचार सोडून द्या."

"त्या चिडलेल्या पेशींना समजावणारं काही औषध नाही का? ओरडू नका, नुसतं झाडा, असं?"

"त्यावरच शोध चालू आहेत. पण आज माझ्या हातात देण्यासारखं काही नाही."

हे मी आत नीट ऐकून ठेवलं. म्हणजे मला समजावता येईल असं कुणालातरी वाटतंय. माझ्या मिस्त्रींच्या उपयोगाचं ते नाही. मिस्त्री घरी आले. खुर्चीत बसून दाराकडच्या उघड्या कोब्याकडे बघत राहायचे. बाई आतून अनवाणी यायची, तिथवर आली की चपला घालायची, चार पावलांसाठी. ती चपलांची चटचट त्यांना सहन होत नव्हती.

ऑपरेशनचा दिवस ठरला, तेव्हा एक दिवस ते म्हणाले, "टोपीवाल्याला बोलव. लावून टाकू दे."

बाईनं पुन्हा विचारलं नाही. किती मोठी गोष्ट ते बोलले, हे तिला कळलं होतं. मलाही कळलं. मित्रांनो, गुडघा मोडला तेव्हा मिस्त्री हरले नव्हते. ते त्या वाक्यापाशी हरले.

टोपीवाला आला. गुडघ्यांना पट्टे बांधून बसला, मान वर करून बघायची त्याला हिंमत होईना. मिस्त्री खुर्चीतून ओळीची दोरी कुठे ताणायची ते सांगत होते, नंतर तेही सांगेनासे झाले. टोपीवाल्याचा हात काही वाईट नव्हता. शेवटी तो त्या कलत्या फरशीपाशी आला आणि छिन्नी काढली.

"ही काढून सरळ करतो," तो म्हणाला.

"राहू द्या," बाई म्हणाली.

"ठेच लागेल, वहिनी. कोपरा वर आलाय चांगलाच."

"लागू दे. यांनी बसवलेली शेवटची आहे ती. मला माहितीय कुठे पाऊल उचलायचं."

टोपीवाल्यानं छिन्नी पिशवीत ठेवली. मिस्त्रींनी दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले, उजव्या. त्या हातांची ऊब माझ्यापर्यंत आली. इतक्या वर्षांत त्यांनी या गुडघ्याला असा हात कधी लावला नव्हता.

उद्या सकाळी आम्हाला दवाखान्यात नेणार. झिजलेली हाडं कापतील, सुजलेलं अस्तर खरवडून काढतील, आणि त्यात मी असेन. बादलीत जाईन, दुसरं काय. माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नका. मी झाडत राहिले, आणि झाडता झाडता घर पेटवलं. दोन्ही खरं आहे, आणि त्यावर मला काही म्हणायचं नाही. तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. तुमच्या गुडघ्यातली झाडूवाली अजून गप्प असेल. ती गप्प आहे तोवर तिच्याखाली काहीतरी मऊ ठेवा, कुणी प्रेमानं शिवून दिलं असेल तर तेच ठेवा. आणि ती ओरडायला लागली, तर तिचं तोंड बांधल्यावर घर सावरलं असं समजून कामाला लागू नका. आमच्या मिस्त्रींना हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बायकोनं सांगितलं, टोपीवाल्यानंही सांगितलं. कुणाच्या सांगण्यानं काही झालं नाही. माझ्याही सांगण्यानं होईल असं नाही. तरी सांगितलं.

आत्ता बाहेर बाई उद्यासाठी पिशवी भरतेय. मिस्त्री खुर्चीत बसून तिची पावलं ऐकतायत, मीही ऐकतेय. चपला नाहीत. आतल्या खोलीतून सरळ दारापर्यंत अनवाणी पावलं येतात, वाटेत एक पाऊल जरा उंचावरून पडतं, आणि पुढची पुन्हा सारखी.